मातीची सांदवाडी

एसटीत मी वाहतूक नियंत्रक होतो आणि नोकरीची शेवटची वर्षं मेहकरच्याच बसस्थानकावर गेली. आमचं गाव नागपूर-मुंबईच्या जुन्या रस्त्यावर. नागपूरहून निघालेली गाडी कारंजा, मालेगाव करत आमच्याकडे यायची आणि सुलतानपूर, बिबी, दुसरबीड, सिंदखेडराजा करत जालन्याकडे निघून जायची. शिवाय लोणार, चिखली, खामगाव, रिसोड. कोणती गाडी फलाटाला लागली, कोणती रस्त्यात पंक्चर होऊन बसली, कोणता वाहक अजून आला नाही, हेच दिवसभर डोक्यात. गावात राहत होतो, पण इथून कुठं कुठं जाता येतं एवढीच गावाची ओळख होती. अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली, शाल-नारळ घेऊन घरी आलो. पहाटेच्या पाळीची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे पाचला जाग यायची ती यायचीच. चहा घेऊन कुठं बसावं? समोरच्या बाजूला रस्ता आणि मोटारसायकली. मग घरामागच्या सांदवाडीत दगडावर जाऊन बसू लागलो.

सांदवाडी काही मोठी नाही. एका अंगाला नहाणी आणि धुण्याचा दगड, नहाणीचं पाणी जिथं जातं तिथं अळू माजलेला, मधे शेवगा, कुंपणाशी कडुनिंब, एक पेरू, जास्वंद, कढीपत्ता. कोपऱ्यात पालापाचोळ्याचा ढीग, वर्षानुवर्षं तिथंच कुजतो. आणि खाली काळी माती. उन्हाळ्यात तिला बोट जाईल अशा भेगा पडतात, पावसात तीच फुगून चपलेला धरून ठेवते.

पुण्याला असलेल्या मुलाला हीच माती नको होती. घर रंगवायला काढलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, मागं गट्टू टाकून घेऊ. आईचा पाय घसरतो, पावसाळ्यात विंचूकाट्याची भीती, घरात चिखल येतो." त्याचं एकही म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या गल्लीत आता बहुतेकांनी अंगणात गट्टू नाहीतर कोबा करून घेतलाय. झाडून काढायला सोपं, पाहुण्यांना दिसायला नीटनेटकं. मी नहाणीपर्यंत शहाबादी फरशीची वाट करून घेतली, बाजूला धरायला लोखंडी पाइप बसवला, रात्रीसाठी दिवा लावला. बाकीची माती तशीच राहू दिली. मुलगा थोडा नाराज झाला. पण तोवर त्या मातीवर कोण कोण जगतं हे मी पाहू लागलो होतो आणि मला ते मोडवेना.

पहिल्यांदा नीट पाहिला तो शिंजीर. फाल्गुनात शेवगा फुलला की हा इवलासा पक्षी दिवसभर त्याच्यावर असतो. नर लांबून काळा दिसतो, ऊन पडलं की जांभळा-निळा चमकतो. मादी मातकट तपकिरी, पोटाखाली पिवळसर. एका वर्षी तिनं घरटं बांधायला जागा निवडली ती नहाणीच्या दाराशी लोंबणारी जुनी वायर. मी हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. आधी तिनं कोळ्याची जाळी आणून वायरीला गुंडाळली. त्याच्यावर गवताच्या काड्या, सालपटं, सुकलेली फुलं, अळीची विष्ठासुद्धा. सगळं जाळ्यानंच चिकटवलेलं. पिशवीचा आकार आल्यावर आत शिरून छातीनं आतली बाजू दाबायची, बाहेर येऊन पाहायची, पुन्हा आत. बाजूला दार ठेवलं आणि दारावर छोटी पडवी काढली. घरट्याच्या खाली कचऱ्याची शेपटी लोंबत सोडली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की वाऱ्यानं काहीतरी अडकलंय. नर या सगळ्या वेळात शेवग्याच्या शेंड्यावर बसून गात होता. बांधकामाला त्याचा हातभार नाही, पिल्लं झाल्यावर मात्र चारायला तोही यायचा.

त्या दिवसांत घरातल्यांनी नहाणीचं दार हळू लावायची सवय केली. सौ.नं धुण्याची दोरी दुसरीकडे बांधली. मी रोज तिथंच बसायचो. मादी अंडी उबवायला बसली की दारातून तिची फक्त वाकडी चोच दिसायची. माझ्याकडे बघत ती तशीच बसून राही. इतकी वर्षं प्रवासी मला खिडकीतून विचारत, "गाडी कधी येते?" आता मी कोणाला काही विचारत नव्हतो आणि पिल्लं उडून जाईपर्यंत मला कुठं जावंसंही वाटलं नाही. ज्या अळ्या आणि कोळी त्या दोघांनी पिल्लांना चारले ते याच झाडोऱ्यातले, याच पाल्याच्या ढिगातले. शेवगा ठेवून खाली गट्टू टाकले असते तर मध मिळाला असता, पण पिल्लांना किडे कुठून आणले असते?

उन्हाळ्याचं फार सांगत नाही. आम्ही घाटावरचे, त्यामुळे मलकापूर-नांदुऱ्यापेक्षा रात्री जरा बऱ्या, दुपारी मात्र सुटका नाही. अक्षयतृतीया झाली की चहाच्या टपरीवर भेंडवळच्या घटमांडणीची चर्चा सुरू होते. यंदा पाऊस कसा, सोयाबीन साधेल का, तूर पेरावी का. पैनगंगा तोवर आटलेली असते. ही नदी आमच्याच जिल्ह्यात, बुलडाण्याजवळ मढच्या डोंगरात उगम पावते आणि मेहकरपर्यंत येईतो पेनटाकळीला धरणात अडते. पुलावरून खाली पाहिलं की खडक आणि डबकी. बोअरचं पाणीही त्या दिवसांत खाली जातं. सांदवाडीत मी मातीची दोन परळं पाण्यानं भरून ठेवतो, त्यावर होले, बुलबुल, साळुंक्या आणि सातभाई येतात. होला सर्वांत शेवटी पितो, दुसऱ्यांना वाट देत.

मग सात-आठ जूनला मृग निघतं. पाऊस त्याच दिवशी येतो असं नाही, पण पहिला दमदार पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी मातीकडे बघावं. दोन वर्षांमागं त्या सकाळी शेजारची तिसरीतली मुलगी कुंपणापाशी उकिडवी बसली होती. मला पाहून म्हणाली, "आबा, हे कापडाचं हाय का?"

मृगाचा किडा होता. लालभडक, मखमलीचा, करंगळीच्या नखाएवढा. लहानपणी शेतात हे ढिगानं दिसायचे, आम्ही काड्याच्या पेटीत ठेवायचो. गावात मात्र कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिच्या तळहातावर ठेवला तर पाय पोटाशी घेऊन गोळा झाला. हलत नाही म्हणून तिला वाटलं मेला. थोड्या वेळानं पाय निघाले. तिनं मोजले, आठ. म्हणजे कोळ्याच्या कुळातला. हे जीव वर्षाचा बहुतेक काळ जमिनीत काढतात आणि पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतात. त्याच पावसात वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते, तिच्यावर हे ताव मारतात आणि पुन्हा मातीत जातात. त्या मुलीच्या घरामागं कोबा केलेला आहे. तिनं घरी जाऊन शोधले, सापडले नाहीत. परत येऊन मला म्हणाली, "आमच्या इथं त्याईले दारच नाही." मुलाला मी इतके दिवस जे समजावत होतो ते या पोरीनं एका वाक्यात सांगितलं, तेच मी त्याला फोनवर ऐकवलं. तो काही वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "राहू द्या तशीच."

पावसाच्या आगेमागे पावशा ओरडू लागतो. शेतकरी त्याच्या हाकेत 'पेरते व्हा' ऐकतात. कडुनिंबावर चातकही येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. उत्तर आणि मध्य भारतातले चातक पावसाच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येतात. मी ही नावं शिकलो ती मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'तून. वनखात्यात आयुष्य घालवलेला माणूस, जून २०२५ मध्ये सोलापुरात गेले. बातमी वाचली तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं झालं. आमच्या पिढीतल्या कितीतरी नोकरदारांना डोळे वर करून झाडाकडे बघायला त्यांनी शिकवलं.

पावशा काय आणि चातक काय, दोघंही स्वतः घरटं करत नाहीत. अंडी घालतात सातभाईंच्या घरट्यात. सातभाई म्हणजे पाल्यात कलकलाट करत फिरणारी मातकट रंगाची टोळी. पानं उलटून त्याखालचे किडे वेचणं हाच त्यांचा धंदा, आणि माझ्या कोपऱ्यातल्या ढिगावर दिवसातून एक फेरी ठरलेली. सातभाईचं अंडं निळं, चातकाचंही निळं, त्यामुळे त्यांना फरक कळत नाही. मागच्या वर्षी भाद्रपदात टोळी आली ती एक वेगळंच पोर घेऊन. त्याची चोच उघडी, पंख थरथरतात, आवाज तर थांबतच नाही. सातभाईंपेक्षा लांब शेपटी, डोक्यावर तुऱ्याची सुरुवात. एक सातभाई ढिगातून अळी काढायचा, त्याच्या तोंडात घालायचा आणि लगेच दुसऱ्या पानाकडे वळायचा. तो दमला की दुसरा यायचा. टोळीबरोबर त्यांचं स्वतःचं एक पिल्लूही होतं. कोकिळेच्या कुळातल्या काही जातींची पिल्लं घरटेवाल्याची अंडी बाहेर ढकलतात, चातकाचं पिल्लू तसं करत नाही, त्यामुळे कधी कधी दोन्ही वाढतात. एकदा शिक्रा निंबावर येऊन बसला तेव्हा सगळे मिळून असे ओरडले की शेजारच्या बाई बाहेर आल्या. ते परकं पोर मधे दडलं होतं आणि चहूबाजूंनी सातभाई. याला कोणी फसवणूक म्हणो, मला त्या पक्ष्यांचा अभिमान वाटला. दारात तोंड उघडून उभ्या असलेल्या लेकराला ते खाऊ घालत होते.

गावाला मातीचं महत्त्व मी सांगावं असं नाही. आमचा शारंगधर बालाजी मातीतूनच वर आला. १८८८ साली खोदकामात ती मूर्ती सापडली, अकरा फुटांच्या आसपास उंचीची, काळ्या दगडात घडवलेली. इंग्रज ती घेऊन जाणार होते, गावानं नेऊ दिली नाही, असं जुने लोक सांगतात. आता मी रोज संध्याकाळी देवळात जातो. नोकरीत असताना सणावारीच जमायचं, कारण सणाला जादा गाड्या. वाटेत दयाळाची शीळ कानावर आली की ना. घ. देशपांडे आठवतात. शेंदुरजनला १९०९ साली जन्मलेला हा कवी मेहकरला वकिली करत राहिला, इथंच २००० साली वारला. त्यांची 'शीळ' जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि महाराष्ट्रभर गेली, १९८६ ला 'खूणगाठी'ला साहित्य अकादमी मिळालं. मुंबई-पुण्याला न जाता एवढं मोठं काम या गावात बसून होऊ शकलं, हे आमच्या मुलांना शाळेत कोणीतरी ठासून सांगायला हवं.

आषाढ सरता सरता शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकरला येते. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं दर्शनाला लोटतात, घरोघर पाहुणे. यंदा देऊळगाव माळीहून सौ.ची मामी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, पाय दुखतात पण बसवत नाही. दर्शन झाल्यावर पाय धुवायला म्हणून मागं गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. बघतो तर पदर खोचून कुंपणाशी वाकलेल्या.

"जवाई, एवढी केन्याची भाजी उभी हाय अन् तुमी बजारातून मेथी आनता?"

पावसात कुंपणाच्या कडेनं निळ्या फुलांचा केना पसरतो. मी त्याला तण समजत होतो, उपटत मात्र नव्हतो, कारण त्यात फुलपाखरं असतात. मामींनी कोवळे शेंडे तेवढे खुडले, जून पानं सोडली. मग पलीकडचा कुर्डू दाखवला, घोळ दाखवली, पाथरी शोधून दिली. प्रत्येकीचं कोणत्या पावसात काय करायचं, कशात डाळ घालायची, कशात ज्वारीच्या कण्या, हे सांगत होत्या आणि सौ. मागं टोपली घेऊन उभी. केन्याची भजी झाली, कुर्डूची डाळभाजी झाली. मुलाला व्हिडिओ कॉल लावला तर मामींनी त्याला विचारलं, पुण्यात केना भेटते का. तो म्हणाला, "तिकडं कुठं, आजी. दिवाळीला येतो तेव्हा ठेवा."

"दिवाळीले कुठून राहाते रे बापा? श्रावणात ये," मामी म्हणाल्या, आणि त्यानं तिथल्या तिथं रजा टाकायचं कबूल केलं.