हजची पेटी

हजची तयारी म्हटले की इहरामच्या दोन बिनशिवलेल्या पांढऱ्या चादरी डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात चादरींची पाळी सर्वांत शेवटी येते. आधी लागतात कागद.

आजोबांच्या पिढीला कागदांपेक्षा सामानाचा घोर जास्त. नागपूरहून रेल्वेने मुंबई, तिथून जहाजाने जेद्दा. पत्र्याची पेटी, वळकटी, स्टोव्ह, डाळ-तांदूळ असा सारा संसारच बांधून न्यावा लागे. १९९५ साली जहाजे बंद झाली. पुढे नागपूरहूनच हजची विमाने सुटू लागली. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना पूर्वी खास हजपुरता पासपोर्ट मिळे. २००९ पासून सौदी सरकारने सर्वांना आंतरराष्ट्रीय पासपोर्ट सक्तीचा केला. मग विदर्भाची वेस न ओलांडलेल्या मोमिनपुऱ्यातल्या बायाबापड्याही जन्माचा पुरावा शोधू लागल्या.

माझी आई त्यांपैकीच एक. निकाहनाम्यात ती 'बी', रेशनकार्डावर 'बेगम', मतदार यादीत 'बानो'. आमच्याकडे ही आदराने लावायची पदे. बोलावणाऱ्याच्या जिभेप्रमाणे बदलतात. पण कागदाच्या हिशेबाने त्या तीन वेगळ्या बायका झाल्या. अब्बांचे 'शेख' कुठे नावाआधी, कुठे नावानंतर. आई दोन वर्षे शाळेत गेली होती, म्हणून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा तरी मिळाला. ज्या शाळेची पायरीच चढल्या नाहीत, त्यांनी काय करावे? एका खिडकीवरच्या बाबूने विचारले, "यातले तुमचे खरे नाव कोणते?" आई म्हणाली, "सब अम्मीच बोलते साहब, नाम कौन पूछता?"

कागद जुळले, मेंदुज्वराची लस टोचून झाली, आणि सामान भरताना नवी अडचण आली. आईने घरचा मसाला बांधला होता. त्यात खसखस होती. सौदी अरेबियात खसखस अमली पदार्थात मोजतात. पुडी सापडली तर थेट तुरुंग. वऱ्हाडी रश्शाचा जीव असलेला तो मसाला घरीच राहिला.

सर्वांत अवघड तयारी शेवटच्या आठवड्यात झाली. हजला निघण्यापूर्वी देणे फेडायचे, कहा-सुना माफ करून घ्यायचे. किराणावाल्याची उधारी चुकती झाली. नळावरून भांडण झाल्यापासून अबोला धरलेल्या शेजारणीच्या दारात आई स्वतः गेली. आत काय बोलणे झाले कुणास ठाऊक, पण दोघी डोळे पुसत बाहेर आल्या. या हिशेबाला नोटरी लागली नाही.

परतताना आईने झमझममध्ये भिजवून वाळवलेले कोरे कापड आणले, कफनासाठी. ते आणि कागदांची फाईल एकाच पेटीत ठेवली. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला, नागरिक नोंदणीची चर्चा पेटली, तेव्हा तिने ती फाईल पुन्हा काढली. मक्केला जाण्यासाठी जमवलेले कागद आता घरी राहण्यासाठी लागतील का, हा तिचा प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हते.

एवढे मात्र आपल्या हाती आहे. लेकीच्या जन्माची नोंद वेळेवर करावी. बी, बेगम, बानो काय लावायचे ते एकदाच ठरवावे आणि प्रत्येक कागदावर तेच लिहावे. तिला तिच्या नावाने हाकही मारावी. निदान तिची ओळख तरी तिला खिडकी-खिडकीवर शोधत फिरावी लागू नये.