सात किलोंची यात्रा



वेळांकणीच्या यात्रेची नावनोंदणी सुरू झाली की आम्हा स्वयंसेवकांकडे पहिला प्रश्न बॅगेचा येतो. चाकांची घेऊ की पाठीवरची? साड्या किती घेऊ? कुंद्याचे डबे किती चालतील? आमच्या धर्मग्रामातले बहुतेक जण आजवर रेल्वेनेच गेलेले. रेल्वेत बाकाखाली ट्रंक मावते, वळकटी मावते, चिवड्याचा डबाही मावतो. यंदा मंडळीत वयस्क माणसं जास्त, म्हणून सांब्र्याहून विमानाने बंगळुरू, तिथे विमान बदलून तिरुचिरापल्ली आणि पुढे सुमारे दीडशे किलोमीटर बसने वेळांकणी असा मार्ग ठरला. मग फादरांशी बोलून आम्ही एक नियम केला. प्रत्येकाने एकच बॅग घ्यायची, तीही विमानात आपल्याबरोबर वर नेता येईल अशी.

नियम ऐकून थोडी कुरकूर झाली. "अहो, तिकिटात खाली सामान द्यायची सोय आहे, मग सोडायची कशाला?" असं एका काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पण सामान विमानाच्या पोटात गेलं तरी विमानतळाबाहेर ते कुणाला तरी उचलावंच लागतं. बसवर चढवायचं, उतरवायचं, खोलीच्या जिन्याने वर न्यायचं, तीन दिवसांनी पुन्हा सगळं उलट करायचं. मागच्या एका यात्रेत हे काम आमच्या दोन तरुणांच्या वाट्याला आलं. इतर मंडळी माळेची प्रार्थना म्हणत होती, तेव्हा ते दोघे पिशव्या मोजत होते. एकाची तर संध्याकाळची मिस्साही चुकली. तो काही बोलला नाही, पण आपल्या जास्तीच्या साडीची किंमत त्या मुलाने मोजली होती.

आता बॅगेविषयी. देशांतर्गत विमानात साध्या वर्गाच्या प्रवाशाला वर न्यायच्या बॅगेसाठी साधारण ७ किलोंची मर्यादा असते आणि लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटीमीटरपर्यंत चालतं. आपापल्या तिकिटावर हे एकदा पाहून घ्यावं. चाकांची कडक बॅग दिसायला छान, ओढायला सोपी. पण ती रिकामी असतानाच अडीच-तीन किलो भरते. म्हणजे सात किलोंतला तिसरा हिस्सा बॅगच खाते! कापडी, पाठीवर घ्यायची, पस्तीस-चाळीस लिटरची बॅग किलोभराच्या आसपास असते. शिवाय लहान विमानांतले डोक्यावरचे कप्पे अरुंद असतात. मऊ बॅग दाबून बसते, कडक बॅग बसत नाही. मग ती जिन्यापाशीच काढून घेतात आणि खाली ठेवतात. ज्यांच्या पाठीला किंवा खांद्याला त्रास आहे त्यांनी चाकांचीच घ्यावी, पण कापडी आणि हलकी. दुकानात बॅग निवडताना आम्ही एकच परीक्षा सांगतो. घरी सगळं सामान भरल्यावर ती बॅग स्वतःच्या हाताने डोक्याइतकी वर उचलून बघा. उचलता आली नाही, तर बॅग बदलण्याआधी सामान बदला.

आत काय असावं? तीन दिवसांना कपड्यांचे तीन जोड, त्यांतला एक अंगावर. सुती कपडा रात्री धुतला तर समुद्राच्या वाऱ्यावर सकाळपर्यंत बहुधा वाळतो. रोजची औषधं मूळ पाकिटासकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते जवळच्याच बॅगेत ठेवावं, कारण विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठून बिघडू शकतं. मोबाइलची पॉवर बँकही वरच्याच बॅगेत हवी, ती खाली देता येत नाही. मेणबत्त्या घ्या, पण काडेपेटी आणि लायटर घेऊ नका, ते काढून घेतात. सुकं खोबरं विमानात चालत नाही. लोणच्याची बरणी सुरक्षा तपासणीत अडते, तेव्हा तिच्यावर जीव असेल तर तिला घरीच ठेवा. घरातलं मोठं बायबल सहज किलोभर असतं. त्याऐवजी नव्या कराराची खिशातली प्रत घ्यावी. आणि कुंदा? अर्ध्या किलोचा एक डबा, तोही सगळ्यांत मिळून वाटायला.

हे सगळं सांगताना आमच्या मनात प्रभूचे शब्द येत होते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू बारा जणांना दोघादोघांनी पाठवतो. काठी सोडून वाटेसाठी काही घेऊ नका, असं सांगतो. भाकरी नको, झोळी नको, कमरेला पैसे नकोत, दोन अंगरखे नकोत. पायांत वहाणा मात्र असू द्या. लूकच्या दहाव्या अध्यायात बहात्तर जणांना पाठवतानाही थैली आणि झोळी घरीच राहते. आमच्या बायबल वर्गात हा भाग वाचला तेव्हा एका तरुणाने विचारलं, "मग आपणही एकच बॅग घेतली म्हणजे प्रेषितांसारखं झालं ना?"

त्यावर बराच वेळ बोलणं झालं. आम्हाला वाटतं, तसं ते होत नाही, आणि ते प्रामाणिकपणे मान्य करावं. आपली बॅग हलकी असते, कारण आपल्या खिशात पैसे असतात. टॉवेल विसरला तर तिथे विकत घेता येतो. पाऊस आला तर छत्री घेता येते. आपलं उरलेलं ओझं खिशातल्या कार्डात बसलेलं असतं. प्रेषितांकडे तेही नव्हतं. त्यांना संध्याकाळी कुणाचं तरी दार वाजवावंच लागे. घरच्या बाईने भाकरी वाढली तर जेवण, नाहीतर पायांची धूळ झटकून पुढचं गाव. झोळी नसल्यामुळे ते लोकांच्या घरात शिरले आणि त्यांच्यामागून शुभवर्तमान शिरलं. हलकं जाणं म्हणजे त्यांच्यासाठी दुसऱ्याची गरज आहे हे कबूल करणं होतं.

आजही असे यात्रेकरू आहेत. वेळांकणीच्या सणाला, २९ ऑगस्टला ध्वज चढल्यापासून ८ सप्टेंबरपर्यंत, तमिळनाडूच्या कानाकोपऱ्यांतून भगवी वस्त्रं घातलेले भाविक चालत येतात. त्यांच्या खांद्यावर एक लहानशी पिशवी असते. त्यांना वाटेत कुणी पाणी देतं, कुणी जेवू घालतं. त्यांच्यासमोर आपली सात किलोंची बॅगही श्रीमंतांचीच आहे. हे ध्यानात असलं की कमी सामानाचा गर्व होत नाही.

दुसरी बाजूही वचनातच आहे. लूकच्या बाविसाव्या अध्यायात, दुःखसहनाच्या आदल्या रात्री, प्रभू शिष्यांना विचारतो की मी तुम्हाला काही न देता पाठवलं तेव्हा तुम्हाला काही कमी पडलं का. ते म्हणतात, काही नाही. आणि मग तोच प्रभू सांगतो की आता ज्याच्याकडे थैली आहे त्याने ती घ्यावी, झोळीही घ्यावी. वेळ बदलली, तसा सामानाचा नियमही बदलला. तेव्हा इन्सुलिन घेऊन जाणाऱ्या मावशींचा विश्वास कमी आहे, असं कुणी समजू नये. पौलानेही तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, तुरुंगातून, त्रोवसात राहिलेला आपला झगा मागवला आहे आणि त्याबरोबर पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं. मरण जवळ आलं हे त्याला कळलं होतं. तरी थंडी वाजत होती आणि वाचायचं होतं. एवढं सामान संतालाही लागतं.

मग काय ठेवावं आणि काय सोडावं, हे कसं ठरवायचं? आमच्या सभागृहात यात्रेआधी एका रविवारी आम्ही वजनकाटा ठेवला होता. सगळ्यांनी भरलेल्या बॅगा आणायच्या, तिथेच मोजायच्या. हसण्या-खिदळण्यात काम चाललं होतं. आमच्या एका काकींची बॅग सात किलो सहाशे ग्रॅम भरली. आम्ही म्हटलं, "काकी, सहाशे ग्रॅम काढा." त्यांनी बॅग उघडली. वर घडी घालून ठेवलेला पुरुषाचा स्वेटर होता, तपकिरी, कोपरांवर झिजलेला. शेजारच्या बाई सहज बोलून गेल्या, "अगं, तिकडे उकाडा, स्वेटर कशाला? हाच काढ." काकींनी स्वेटर उचलला, क्षणभर हातात धरला, परत आत ठेवला आणि खालून आपली स्वतःची शाल आणि एक साडी काढली.

काकांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आजारपणात त्यांनी वेळांकणी मातेला नवस बोलला होता की बरा झालो तर पायी नाही, पण येऊन जाईन. ते बरे झाले नाहीत. काकींना तो नवस अर्धवट ठेवायचा नव्हता. सभागृहात हे दोघा-तिघांनाच माहीत होतं. कुणी काही बोललं नाही. आमच्यातल्या एका ताईंची बॅग साडेपाच किलोंची होती. त्या उठल्या, काकींची शाल आणि साडी उचलली आणि आपल्या बॅगेत ठेवली. म्हणाल्या, "काकी, माझ्याकडे जागा आहे."

निर्गमाच्या तेराव्या अध्यायात एक वाक्य आहे, ज्यावरून आपण वाचताना पुढे सरकतो. इस्राएल लोक मिसरातून घाईने निघाले. कणीक फुगायलाही वेळ नव्हता. मळलेल्या कणकेच्या पराती कपड्यांत गुंडाळून त्यांनी खांद्यावर घेतल्या. त्या घाईतही मोशेने योसेफाच्या अस्थी बरोबर घेतल्या, कारण योसेफाने तशी शपथ घालून ठेवली होती. हिशेबी माणूस म्हणाला असता की वाळवंटात अस्थींचा काय उपयोग? पण दिलेला शब्द हेही सामानच आहे, आणि ते मागे ठेवता येत नाही.

आपल्या गोव्याच्या संतानेही असंच केलं. फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात पोहोचले. तेरा महिन्यांचा प्रवास. राजाच्या माणसांनी त्यांना भरपूर सामान आणि एक नोकर देऊ केला. त्यांनी थोडे गरम कपडे आणि काही पुस्तकं घेतली, नोकर नाकारला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे पूर्वेच्या बेटांवर फिरताना त्यांच्या गळ्यात एक लहानशी डबी असे. तिच्यात सोबत्यांच्या पत्रांवरून कापून घेतलेल्या त्यांच्या सह्या होत्या. कागदाच्या त्या चिटोऱ्यांना वजन ते कितीसं! १५५२ साली चीनच्या दाराशी त्यांनी प्राण सोडला, तेव्हा रोममधले भाऊ हजारो मैल दूर होते, पण त्यांची नावं छातीशी होती.

म्हणून बंधुभगिनींनो, यंदाच्या यात्रेसाठी आमची विनंती सात किलोंची नाही, सहाची आहे. एक किलोची जागा रिकामी ठेवा. कुणाची शाल, कुणाची औषधं, कुणाच्या नवसाच्या मेणबत्त्या, परतताना कुणाच्या घरच्या आजाऱ्यासाठी नेलेली तेलाची बाटली, यांना ती लागेल. तेलाची बाटली लहान घ्या, झाकण घट्ट लावा, पिशवीत गुंडाळा आणि विमानात ती कशी न्यायची ते आधी विचारून घ्या. बॅग भरताना प्रत्येक वस्तू हातात घेऊन दोन प्रश्न विचारा. ही मला खरंच लागणार आहे का? आणि हिच्यामुळे दुसऱ्या कुणाला ओझं होणार आहे का? पहिल्याचं उत्तर नाही आणि दुसऱ्याचं हो असेल, तर ती वस्तू कपाटात राहू द्या. वजनकाटा येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात असेल. ज्यांना चालत येणं जमत नाही त्यांनी निरोप पाठवावा, आम्ही काटा घेऊन घरी येऊ.

हे प्रभू, तू आम्हाला वाटेला लावतोस. जे आम्हाला नको ते सोडण्याचं धैर्य दे. जे दिलेल्या शब्दाचं आहे ते जपण्याची बुद्धी दे. आमच्या बॅगेत आणि आमच्या मनात शेजाऱ्यासाठी थोडी जागा असू दे. वेळांकणी माते, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.