अर्थ नीट लागत नाही

डावा इंडिकेटर लावला की ट्रेलरचा उजवा टेल लॅम्पही मिणमिणू लागतो, ब्रेक दाबला की मागचे सगळेच दिवे मंदावतात. ही लक्षणे मोटारींच्या वायरिंगमध्ये काम करणाऱ्यांना नवी नाहीत. पेट्रोलच्या गाडीमागे असे झाले की जाणत्या माणसाचा हात आपोआप अर्थच्या वायरकडे जातो. तेच इलेक्ट्रिक गाडीमागे झाले की संशयाची सुई सॉफ्टवेअरवर स्थिरावते, आणि मग अपडेट, रीसेट, सर्व्हिस सेंटरची तारीख असा प्रवास सुरू होतो. अमेरिकेत होडी, तंबूगाडी किंवा घर बदलताना भाड्याचा ट्रेलर ओढणे ही रोजची गोष्ट आहे. टेस्लाची मॉडेल वाय तिथे 3,500 पौंड, म्हणजे सुमारे 1,600 किलो ओढू शकते, तर रिव्हियनचा आर-वन-टी 11,000 पौंडांपर्यंत. त्यामुळे हा प्रश्न तिथल्या अनेक मराठी घरांच्या अंगणातही येऊन उभा राहिला आहे. माझे म्हणणे असे की इलेक्ट्रिक गाडीत दिव्याला हुकूम संगणक देतो हे खरे, पण तो पाळायचा असतो तांब्याच्या तारेनेच. म्हणून शोध प्लगपासून सुरू करावा, प्लगच्या दोन्ही बाजू वेगळ्या तपासाव्यात आणि तपासताना तारेवर खरा भार टाकावा.

आधी संगणकाच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य करू. जुन्या गाडीत ब्रेकच्या पेडलखाली एक स्विच असे, तो दाबला की करंट थेट दिव्याकडे जाई. इलेक्ट्रिक गाडीत पाय अॅक्सिलरेटरवरून नुसता उचलला तरी मोटर जनित्र बनते आणि गाडी चांगलीच मंदावते. अशा वेळी ब्रेक लाइट लावायचा की नाही हे संगणक ठरवतो. संयुक्त राष्ट्रांचा प्रवासी मोटारींसाठीचा 13-एच हा नियम युरोपात लागू आहे. त्यानुसार अशी मंदगती दर सेकंदाला सेकंदी 1.3 मीटरपेक्षा जास्त असेल तर ब्रेक लाइट लागलाच पाहिजे, 0.7 किंवा त्याहून कमी असेल तर लागता कामा नये, आणि मधल्या पट्ट्यात निर्णय गाडी बनवणाऱ्याचा. आता कोणी पेडलच्या स्विचवरून वायर ओढून ट्रेलरला दिली, तर पाय उचलताच गाडी मंदावेल, तिचे स्वतःचे दिवे लागतील आणि ट्रेलर मात्र अंधारात राहील. मागून येणाऱ्याला दिसतो तो ट्रेलर.

यावर हमखास उत्तर येते, की मग टेल लॅम्पच्या वायरीच सोलून जोडू, वर्षानुवर्षे तसेच तर करत आलो. ते चालायचे कारण त्या वायरीत सरळ 12 व्होल्ट असायचे आणि फ्यूजला जादा दोन बल्बांचे ओझे जाणवत नसे. आता बऱ्याच गाड्यांत त्याच दिव्याला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून मंद किंवा प्रखर केले जाते. मीटर अशा वायरीवर सरासरी दाखवतो, सहा-सात व्होल्ट, आणि बघणारा म्हणतो वायर खराब आहे. शिवाय टेस्लाच्या मॉडेल 3 सारख्या गाड्यांत वितळणाऱ्या फ्यूजची जागा इलेक्ट्रॉनिक फ्यूजने घेतली आहे. अपेक्षेपेक्षा जास्त करंट गेला की तो वाट बंद करतो आणि पडद्यावर सूचना झळकवतो. त्यात अमेरिकी ट्रेलरवर ब्रेक आणि इंडिकेटर एकाच बल्बमध्ये, तर अनेक गाड्यांवर ते वेगवेगळे. म्हणून कंपनीचे ट्रेलर मॉड्यूल, नाहीतर स्वतःचा करंट थेट बॅटरीवरून घेणारे आणि दिव्याच्या वायरीकडून फक्त इशारा उचलणारे कन्व्हर्टर, एवढेच दोन मार्ग मला पटतात.

पण इथवर सगळे नीट असले तरी दिवे बिघडतात, आणि तेव्हा संगणकाची थोरवी कामाला येत नाही. अमेरिकी चार पिनांच्या चपट्या प्लगमध्ये तपकिरी वायर टेल लॅम्पची, पिवळी डाव्या बाजूची, हिरवी उजवीची आणि पांढरी अर्थची. करंट असलेल्या पिना गाडीच्या बाजूला रबरात झाकलेल्या असतात, शॉर्ट होऊ नये म्हणून. उघडी राहते ती नेमकी अर्थची, आणि गंजतेही तीच. ट्रेलरवर तर बहुधा लोखंडी सांगाड्यालाच अर्थ मानलेले असते. रंग चढलेला स्क्रू, होडी उतरवताना खाऱ्या पाण्यात बुडालेला जॉइंट, किंवा पांढरी वायर तुटल्यावर ट्रेलर अडकवायच्या हिचच्या ग्रीस लावलेल्या गोळ्यातून कसाबसा परतणारा करंट, यांतून बिघाड शोधणाऱ्यापुढे कोडी उभी राहतात. 1157 क्रमांकाच्या बल्बची मोठी तार साधारण 27 वॅटची, म्हणजे दोन अँपिअरची, म्हणजे सुमारे सहा ओहमची. अर्थच्या वाटेत एकच ओहम शिरला तरी पावणेदोन व्होल्ट तिथेच गळतात, आणि तापत्या तारेचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने पडत असल्याने उजेड सुमारे 40 टक्क्यांनी उतरतो. अर्थ पुरताच तुटला तर करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून परतायची वाट शोधतो. डाव्या इंडिकेटरबरोबर उजवा दिवा मिणमिणतो तो यामुळे. मराठीत आपण त्या वायरीला अर्थ म्हणतो हे मोठे सोयीचे आहे. ती नसली की मागे जे दिसते त्याला अनर्थच म्हणायचे.

एलईडी लावले की हा त्रास संपतो, असा एक समज आहे. माझ्या मते तो संपत नाही, लपतो. एलईडी दिवा करंट इतका कमी घेतो की तोच एक ओहम त्याला फारसा बोचत नाही. पण विजेवर चालणारे ब्रेक असलेल्या ट्रेलरवर पांढऱ्या वायरीतूनच त्या ब्रेकचा करंटही परततो. एका चाकाच्या चुंबकाला साधारण तीन अँपिअर लागतात. दोन चाके धरली तर एका ओहमपायी ब्रेकला मिळणारा करंट तिसऱ्या हिश्शाने घटतो. दिवे छान, ब्रेक अर्धवट. शिवाय गाडीला मागे ट्रेलर आहे हे कळते ते पुष्कळदा दिव्यांच्या भारावरूनच. एलईडी इतके कमी ओढतात की काही गाड्या ट्रेलर नाहीच असे धरून चालतात, मग दिवेही देत नाहीत आणि ट्रेलर मोडही सुरू करत नाहीत. बल्ब शाबूत आहे का हे पाहण्यासाठी गाडी सूक्ष्म ठोके सोडते तेव्हा हेच एलईडी बंद असतानाही लुकलुकतात. हा बिघाड नव्हे. प्रत्येक सर्किटला योग्य वॅटचा रेझिस्टर लावून भार वाढवला की दोन्ही तक्रारी बहुधा मिटतात. रेझिस्टर तापतो, म्हणून तो प्लास्टिकवर नव्हे, पत्र्यावर बसवावा.

स्कॅनर लावला की सगळे कळते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण गाडीच्या आतल्या दोषांबाबत तो खरा आहे. पण स्कॅनरची नजर सॉकेटपाशी संपते. पलीकडे ओपन किंवा शॉर्ट एवढेच तो सांगू शकतो. कोणत्या स्क्रूखाली गंज आहे हे नाही. म्हणून प्लग काढावा. ट्रेलरच्या बाजूला सुटी 12 व्होल्टची बॅटरी घेऊन, तिचा ऋण ध्रुव पांढऱ्या पिनेला आणि धन ध्रुव फ्यूजमधून एकेका रंगाला लावावा. दिवे इथेही बिघडले तर गाडी निर्दोष सुटली. गाडीच्या बाजूला मल्टिमीटर एकट्याने पुरत नाही: त्याचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहमचा असल्याने, एका धाग्यावर लटकलेली वायरही तो 12 व्होल्ट म्हणून दाखवतो. तिथे खरा बल्ब लावावा आणि तो पेटलेला असताना अर्थची पिन व गाडीच्या 12 व्होल्ट बॅटरीचा ऋण ध्रुव यांच्यात व्होल्टेज मोजावे. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसले तर मी त्या जॉइंटला पास करणार नाही. आणि 400 व्होल्टची भीती? ट्रेलरच्या सॉकेटमध्ये उच्च दाबाची वायर येत नाही. मोठ्या बॅटरीचा दाब कन्व्हर्टरने उतरवूनच दिव्यांना वीज मिळते. उच्च दाबाच्या केबलींवर नारिंगी आवरण असते. गाडीखाली वाकून वायर शोधताना नारिंगी दिसली की हात मागे घ्यावा. पांढरी वायर तिथे नाही.