पाच वर्षांपूर्वीची माझी एक चूक आणि खंडाळ्याची उलटी फिरणारी गाडी

१/
एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन दिवसांत, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा अमृतांजन पूल नियंत्रित स्फोटांनी पाडण्यात आला. त्याच संध्याकाळी रहाटणीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर बसून मी एक थ्रेड लिहिला होता : ‘१८३० साली बांधलेल्या, १९० वर्षांच्या पुलाला निरोप’. तो पुष्कळ फिरला, अजूनही फिरतो. त्यातले साल चुकीचे होते. आजचा थ्रेड त्या चुकीच्या दुरुस्तीचा आहे आणि त्या दुरुस्तीने मला जिथे नेऊन सोडले, त्या प्रश्नाचाही.

२/
चूक प्रथम पकडली ती आजीने. मी कौतुकाने थ्रेड वाचून दाखवला, तर ती म्हणाली, “अठराशे तीसला कुठली रे आगगाडी? आमचे तात्या त्याच पुलावरून गाडीनं मुंबईला जायचे.” तात्या म्हणजे तिचे वडील. विशीच्या दशकात ते चिंचवड स्थानकावर गाडी धरून गिरणीत कामाला जात. खंडाळ्याखाली गाडी थांबे, इंजिन तोंड सोडून शेपटीला लागे आणि गाडी उलटी चालू लागे, असे ते सांगत. आमच्या घरात त्याची म्हणच झाली आहे. मी डिप्लोमा अर्धवट सोडून इतिहासाकडे वळलो, तेव्हा भोसरीच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले माझे वडील एवढेच म्हणाले होते : “ही खंडाळ्याची गाडी. मागं जाऊन पुढं पोचते का बघू.”

३/
ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण तिला पुरावा मानले नव्हते. वर्तमानपत्रात छापलेले साल मात्र निमूट उचलले. वास्तविक एक साधी तपासणी पुरेशी होती. इंग्लंडमधला लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग सुरू झाला १५ सप्टेंबर १८३० रोजी. आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. मग रुळांसाठी बांधलेला पूल १८३० चा कसा असेल?

४/
तरीही १८३० हा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही. त्या वर्षी १० नोव्हेंबरला गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. घाट तोच, रस्ता मात्र बैलगाड्यांचा. पुढे रस्त्याचे साल रेल्वेच्या कमानींना चिकटले आणि बातमीगणिक पक्के होत गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ही गल्लत ध्यानात ठेवावी : खोटे साल बहुधा शेजारच्या खऱ्या सालातून जन्मते.

५/
आता खरा क्रम पाहू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोचला. वरच्या अंगाने पुणे ते खंडाळा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. म्हणजे आपल्या चिंचवडवरून गाडी धावू लागली, पण घाटात रूळ नव्हते. उताऱ्यांनी मधला डोंगर पालखीत, घोड्यावर किंवा पायी ओलांडायचा. हा खंड भरून निघाला २१ एप्रिल १८६३ रोजी, जेव्हा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्‌घाटन झाले.

६/
या मार्गाची लांबी सुमारे २५ किलोमीटर, चढ सुमारे ५५८ मीटर, बोगदे २५ आणि सर्वांत तीव्र चढण ३७ फुटांना १ फूट. एके ठिकाणी डोंगराची सोंड इतकी अरुंद होती की, गाडीला वळण देण्याइतकी जागाच नव्हती. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या आराखड्यात त्यावर तोड होती ती रिव्हर्सिंग स्टेशनची. गाडी सोंडेच्या टोकापर्यंत जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागायची. तात्यांची गोष्ट अक्षरशः खरी होती. ज्याला आपण अमृतांजन पूल म्हणत आलो, तो या रिव्हर्सिंग स्टेशनच्या मार्गावरचा कमानींचा पूल होता.

७/
हे काम कोणी केले? १८६१ च्या सुमारास घाटात ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. कड्यावरून दोर सोडून, त्यांना लटकून सुरुंगाची भोके पाडली जात. पटकीच्या साथी येत आणि वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या होत. मृतांचे अंदाज हजारोंमध्ये आहेत. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल उसळली. पुढच्याच वर्षी मालक-मजुरांच्या तंट्यांसाठी कायदा आला, त्यामागे ही दंगलही होती.

८/
मूळ कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल १८५९ मध्ये बाजूला झाला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी, घाटात येऊन थोडे आठवडे होतात न होतात तोच मरण पावला. त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले आणि दोन अभियंत्यांच्या मदतीने काम तडीस नेले. या कामाची छायाचित्रेही तिने टिपली. बर्कली उद्‌घाटन पाहायला उरला नाही, १८६२ मध्येच तो वारला. बर्कली, ट्रेडवेल, फ्रिअर ही नावे आपल्याला सापडतात. दोराला लटकलेल्या माणसाचे नाव कुठेही सापडत नाही. त्याची एकमेव नोंद म्हणजे त्याने कोरलेला खडक.

९/
१९२९ मध्ये नव्या बोगद्यांतून सरळ मार्ग काढण्यात आला, विजेची इंजिने आली आणि रिव्हर्सिंग स्टेशनची गरज संपली. पुढच्या वर्षी दख्खनची राणी धावू लागली, ती या नव्या मार्गावरून. जुने रूळ निघाले, कमानी राहिल्या. कधी काळी तिथे लागलेल्या मलमाच्या जाहिरातीने पुलाला नवे नावही दिले. जाहिरातीचे नाव आले तसे रेल्वेची आठवण पुसट झाली. द्रुतगती मार्ग त्याच कमानींखालून गेला. खांबांमुळे रस्ता अरुंद होई, अपघात होत आणि अखेर २०२० मध्ये पूल पाडला गेला. माणसे मरत असतील तर वारशाचा हट्ट धरता येत नाही, हे मला मान्य आहे. माझे दुःख वेगळे आहे : पूल पडला त्या दिवशी आपण त्याला चुकीच्या सालाने, चुकीच्या ओळखीने निरोप दिला. त्यात माझा हात होता.

१०/
गेल्या हिवाळ्यात आजीला घेऊन खंडाळ्याला गेलो. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे थकलेले. राजमाची पॉइंटवरून खाली वाहनांची रांग दिसत होती. तिने विचारले, “गाडी फिरायची ती नेमकी कुठं?” मी हवेत बोट दाखवले. ती बराच वेळ त्या बोटाच्या रोखाने पाहत राहिली, मग म्हणाली, “तिथवर जाता येत नाही का?” मी नाही म्हणालो. माझ्या अभ्यासाचा त्या क्षणी तिला काहीही उपयोग नव्हता.

११/
पण जाता येऊ शकते, असे जगातली उदाहरणे सांगतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातला एलरॉय-स्पार्टा हा बंद पडलेला लोहमार्ग १९६० च्या दशकातच सायकलींचा मार्ग झाला. सुमारे ५१ किलोमीटर, वाटेत तीन बोगदे. इंग्लंडमध्ये डर्बीशरमधला लोहमार्ग १९६८ मध्ये बंद झाला. पुढे तिथे मॉन्सल ट्रेल ही वाट झाली आणि २०११ मध्ये तिचे बोगदेही चालणाऱ्यांसाठी उघडले. यातली मेख चढणीत आहे. ३७ ला १ हा चढ इंजिनाचा जीव काढतो, माणसाला मात्र तो सौम्य असतो. जिथे गाडी चढली, तिथे आजीही चढेल. किल्ल्याच्या पायऱ्यांविषयी हे म्हणता येत नाही.

१२/
अमेरिकेने १९८३ मध्ये एक शहाणी तरतूद केली. लोहमार्ग बंद झाला तरी त्याची पट्टी तुकड्यांत विकायची नाही. ती सलग राखायची, तोवर तिथे लोक चालतील आणि उद्या गरज पडली तर रूळ परत येतील. हे वाचताना मला आपली शकुंतला आठवते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज सुमारे १८९ किलोमीटरची. तिथल्या लोकांची मागणी गाडीची आहे, सहलीच्या वाटेची नव्हे, आणि ती रास्तच आहे. पण गाडी परत यायची तरी आधी पट्टी अखंड राहायला हवी.

१३/
बोरघाटाचे गणित निराळे आहे. इथे सलग मार्ग उरलेला नाही. जुन्या आखणीचा काही भाग रस्त्यांच्या पोटात गेला आहे. त्यामुळे माझे मागणे लहान आहे : जे सुरक्षितपणे चालता येईल तेवढे, खंडाळ्याच्या बाजूने, कठड्यासह, बाकांसह आणि योग्य साल लिहिलेल्या फलकासह. त्या फलकावर अभियंत्यांच्या आधी मजुरांचा उल्लेख असावा. एक विनंतीही करतो. चालू लोहमार्गावर ‘ट्रेक’ करू नका. तो कायद्याने गुन्हा आहे आणि घाटातल्या बोगद्यात बाजूला सरकायला जागा नसते.

१४/
घाई कशासाठी? कारण या घाटात प्रत्येक नवी वाट जुनीला अडगळ करते. १८३० चा गाडीरस्ता, १८६३ चे रूळ, १९२९ चे बोगदे, २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग. आता घाटाचा भाग टाळण्यासाठी खोपोली ते कुसगाव असा सुमारे १३ किलोमीटरचा ‘मिसिंग लिंक’ प्रकल्प हाती घेतला गेला आहे. वाहतुकीचा भार हलला की घाटाचे काय करायचे, हा विचार पुन्हा करता येईल. तो विचार होईल तेव्हा त्या मेजावर रिव्हर्सिंग स्टेशनचा नकाशाही असावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

१५/
२०२० चा थ्रेड मी पुसणार नाही. त्याखाली आजची दुरुस्ती जोडली आहे. जुना पुढे पाठवला असेल, तर कृपया हाही पाठवा. आणि चिंचवड, देहूरोड, तळेगाव, मावळ या पट्ट्यात राहणाऱ्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा जरूर विचारावे : खंडाळ्याच्या उलट्या गाडीविषयी तुमच्या आईवडिलांनी काही सांगितले होते का? उत्तर मिळाले तर सांगणाऱ्याचे नाते, गाव आणि अंदाजे साल यांसह इथे लिहा. तात्यांच्या आठवणीला आजवर आमच्या घरातला एकच साक्षीदार आहे, आणि ती आता फार दूर चालू शकत नाही.