तिऱ्हाईत

‘तिऱ्हाईत’ हा शब्द आपण बहुधा थोड्या दुराव्याने वापरतो. तिऱ्हाईतासमोर घरातले काढू नये, घरच्या भांडणात तिऱ्हाईताने पडू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. पण दोघांचा वाद मिटेनासा झाला की याच तिऱ्हाईताची आठवण होते. कारण त्याचे कुणाशी घेणेदेणे नसते. मोटारविम्याच्या कायद्याने हा शब्द तर अगदी मध्यभागी आणून ठेवला आहे. विमा उतरवणारा पहिला, विमा कंपनी दुसरी, आणि ज्याची या दोघांशी ओळखदेखही नाही असा रस्त्यावरचा कोणीही तिसरा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १४६ ज्या विम्याची सक्ती करते, तो या तिसऱ्यासाठी असतो. आपल्या गाडीचे काय व्हायचे ते होवो, आपल्या गाडीमुळे ज्याचे नुकसान होईल त्याची सोय आधी करून ठेवा आणि मगच रस्त्यावर या, असे हा कायदा सांगतो. अनोळखी माणसाविषयीच्या कर्तव्याची इतकी स्पष्ट तरतूद आपल्या रोजच्या व्यवहारात फारशी आढळत नाही.

या शब्दाचा विचार करायची वेळ माझ्यावर गेल्या वर्षी ऊसहंगामात आली. अंबाजोगाईतल्या आमच्या गल्लीत, कंपाउंडच्या भिंतीला लागून, आमची बारा वर्षांची जुनी मोटार उभी होती. मुख्य रस्त्याचे काम चालू असल्याने उसाची वाहने रात्री गल्लीतून जात. दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर वळणावर आला, पुढची ट्रॉली निघून गेली आणि मागची घसटली. मोटारीची दोन दारे आणि मागचे मडगार्ड आत गेले. चालक पळाला नाही. हे आधीच नोंदवतो, कारण पुढच्या सगळ्या गुंत्याचे मूळ त्याच्या या सरळपणात आहे. विशी-बाविशीतला तो मुलगा ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला, दार वाजवले आणि म्हणाला, “सर, माझ्याकडून लागलं.”

सकाळी डेंटिंग-पेंटिंगवाल्याने अडतीस हजारांचा अंदाज दिला. गाडी जुनी असल्याने आमचा विमा फक्त तिऱ्हाईतापुरता होता. म्हणजे आमच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले असते, तर त्याला भरपाई मिळाली असती. सर्वसमावेशक विमा असता तर आमच्याच कंपनीने ठरावीक वजावट करून खर्च दिला असता, दावा न केल्याबद्दलची पुढील वर्षीची सवलत गेली असती, आणि दिलेली रक्कम ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करण्याचा मार्ग कंपनीला मोकळा राहिला असता. आता सगळी भिस्त ट्रॅक्टरच्या विम्यावर होती. गाडीचा क्रमांक घातला की विम्याची मुदत मोबाइलवर दिसते. ट्रॅक्टरच्या विम्याची मुदत चौदा महिन्यांपूर्वीच संपलेली होती. शिवाय नोंदणी एकाच्या नावावर आणि ताबा दुसऱ्याचा. पहिल्याने तो बाँडपेपरवर लिहून विकला होता. नाव बदलायचे राहून गेले होते.

त्या संध्याकाळपासून घरी माणसे येऊ लागली. एक दूरचे पाहुणे आले, ताबेदार मालकाच्या गावचे एक निवृत्त शिक्षक आले, आमच्या महाविद्यालयात शिकून गेलेला एक विद्यार्थी आला. सगळ्यांचे बोलणे एकाच वळणाचे होते. “सर, जाऊ द्या. गरिबाचं लेकरू आहे. हंगामाची उचल घेतलेली आहे त्यानं. आणि तुम्ही काय परके आहात का?”

या शेवटच्या वाक्याशी मी बराच काळ अडलो. परका नाही म्हटल्याबरोबर माझा हक्कच नाहीसा होत होता. कायदा मला तिऱ्हाईत मानतो, म्हणून काही देऊ करतो. गाव मला आपला मानते, म्हणून ते सोडून द्यायला सांगते. आणि गावाचे म्हणणे खोटेही नव्हते. बीड जिल्ह्यात उचल म्हणजे काय हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूरकडची गावे रिकामी होतात, ती आधीच घेतलेली रक्कम अंगमेहनतीने फेडण्यासाठी. त्या रकमेत माझ्या मडगार्डाची भर घालावी का, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सापडणारा नव्हता.

पुस्तकात जे होते ते मी वाचले. फौजदारी कायद्यात मालमत्तेच्या हानीसाठी ‘आगळीक’ असा जुना, नेमका शब्द आहे. पण आगळीक व्हायला हेतू किंवा निदान जाणीव असावी लागते. अंधारात घसटलेल्या ट्रॉलीला ती लागू पडत नाही. पोलिसांकडील नोंद आणि पंचनामा यांचा उपयोग पुराव्यापुरता. विमा नसताना वाहन चालवल्याबद्दल कलम १९६ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी २,००० आणि पुढे ४,००० रुपये दंड आहे. मात्र तो सरकारजमा होतो, ज्याची गाडी चेपली त्याच्या हाती त्यातला रुपयाही येत नाही. धडक देऊन पळून गेलेल्या अज्ञात वाहनांसाठी शासनाची भरपाई योजना आहे, पण ती मृत्यू आणि गंभीर दुखापतीसाठी, पत्र्यासाठी नाही.

उरतो तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा मार्ग. तिथे माणसांच्या इजेचेच दावे चालतात असा समज आहे. प्रत्यक्षात तिऱ्हाईताच्या मालमत्तेच्या हानीचा दावाही तिथेच करायचा असतो, आणि न्यायाधिकरण असेल तिथे कलम १७५ प्रमाणे दिवाणी न्यायालयाला तो ऐकता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. दावा मालक आणि चालक दोघांवर करता येतो. मालक कोण, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात दिले आहे: नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक. बाँडपेपरवर विकून मोकळा झालो असे त्याला म्हणता येत नाही. १९८८च्या मूळ कायद्यात मालमत्तेच्या हानीसाठी विम्याची सक्ती फक्त ६,००० रुपयांपर्यंत होती. पण ती मर्यादा विम्याची, मालकाच्या देण्याची नव्हे.

दोष कोणाचा, हा भाग उभ्या गाडीच्या बाबतीत सोपा असतो. ती कोणाला अडथळा होईल अशी लावलेली नसेल तर तिने काय केले हा प्रश्नच उद्भवत नाही. फोटो, पंचनामा आणि दुरुस्तीचे बिल पुरते. अवघड असते ती वसुली. न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम मिळाली नाही, तर कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांना दाखला जातो आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. हे कलम वाचताना मी थांबलो. ज्या जिल्ह्यात महसुलाची थकबाकी या शब्दामागे दुष्काळाच्या कितीतरी पिढ्या उभ्या आहेत, तिथे आपली दोन दारे त्या रांगेत उभी करायची होती.

तरी मी दावा दाखल केला. कारण सोडून देणे ही उदारता कोणाच्या वाट्याची, हे मला ठरवता येईना. मी सोडले असते तर सुटका मुख्यतः विमा न भरणाऱ्याची झाली असती. लेकराची गरिबी त्याने पुढे केलेली ढाल होती. पुढे राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड झाली: चोवीस हजार रुपये, तीन हप्ते, देणार मालक. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसते. तडजोडीच्या कागदातून चालकाचे नाव वगळावे, एवढा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला.

हप्ते वेळेवर आले. तिसरा आल्यानंतर त्या जुन्या विद्यार्थ्याकडून कळले की ताबेदार मालकाने ही सगळी रक्कम नोंदणीकृत मालकाला दिली खरी, पण त्या मुलाच्या मजुरीतून कापून. कागदावर मालक देणेकरी होता. देणे त्या मुलाने फेडले. मी कागदातून नाव वगळून घेतले, पण उचलीच्या वहीत ते कोण वगळणार? त्या वहीवर कोणत्याही न्यायाधिकरणाची सत्ता चालत नाही.

विम्याचा अर्थ मला तेव्हा नीट उलगडला. विमा असता तर ती रक्कम त्या मुलाच्या अंगावर आली नसती, गावाला माझ्याकडे रदबदली करावी लागली नसती, आणि परका की आपला असा पेचही पडला नसता. तिऱ्हाईताचा विमा तिऱ्हाईताइतकाच चालकालाही वाचवतो, आणि दोघांमधल्या माणुसकीलाही. कारण तो हिशेब त्यांच्यामधून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो. तो नसला की नुकसान उतारावरच्या पाण्यासारखे खाली खाली जाते आणि सर्वांत खाली जो उभा असेल त्याच्या दारात साचते.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा तिऱ्हाईत-विमा खरेदीच्या वेळीच घेणे भाग पडले. ट्रॅक्टर त्या आदेशात नव्हता. शोरूममधून निघताना कर्जाच्या कागदांबरोबर एक वर्षाचा विमा होतो, पुढच्या वर्षी तो विसरला जातो. पण उसाचा प्रत्येक ट्रॅक्टर हंगामाच्या आधी वाहतुकीच्या करारासाठी कारखान्याच्या कार्यालयात येतोच. करारावर सही घेण्यापूर्वी विम्याची मुदत हंगामाच्या अखेरीपर्यंत आहे की नाही, एवढे पाहायला नवा कायदा लागत नाही. एक खिडकी आणि तिच्यामागे कागद मागणारा माणूस पुरतो. तो माणूस मात्र शक्यतो कोणाचा पाहुणा नसावा, तिऱ्हाईत असावा.