दात मोजून घेतलेली मोटार

अर्जुनी मोरगावचा परिसर धानाचा. आमच्या लहानपणी इथे माणसाच्या व्यवहारज्ञानाची परीक्षा बैलाच्या खरेदीत होत असे. जाणता शेतकरी बैलाचे तोंड उघडी, तो दोन दाती, चार दाती की जुळलेला हे पाही, त्याला चार पावले चालवी आणि मगच किमतीची गोष्ट काढी. विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये, बैलाच्या तोंडाकडे पाहावे, असे वडीलधारे सांगत. गेल्या हिवाळ्यात आमची जुनी मोटार देऊन, वर काही रक्कम भरून, तिच्याहून कमी जुनी मोटार घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा हा उपदेश आठवला.

आमचा पेशा भाषा शिकवण्याचा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अनेक पाठ ताडून पाहून, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. मोटारीतही असे पाठभेद आणि प्रक्षेप असतात, हे मात्र आम्हांला गावातल्या एका मिस्त्रीने शिकवले.

त्याचा पहिला नियम असा : “सर, गाडी थंडी असतानाच पाहाची.” आम्ही पोचलो तेव्हा बॉनेट कोमट लागले, म्हणून मिस्त्रीने आम्हांला दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी पुन्हा नेले. गरम इंजिन पुष्कळ गोष्टी लपवते. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर सोडत असेल, तर ते ऑइल जाळते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल, तर पाणी आत शिरते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल, तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी. चालू इंजिनाचे ते झाकण काढल्यावर धुराचे लोट येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत.

नंतर बाह्यांग. टायरवर चार आकडे कोरलेले असतात : पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. काचांवरही निर्मितीच्या वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या सालाची निघाली, तर तिथे काहीतरी घडून गेले आहे. दरवाजाचे रबर सोलून खालचे वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर आहेत का ते पाहावे. किलोमीटरचा काटा मागे नेता येतो. पण क्लचच्या पेडलवरचे झिजलेले रबर आणि स्टिअरिंगची गेलेली खरखर मागे नेता येत नाही.

आमच्या भागात आणखी एक शंका घ्यावी लागते, ती पुराच्या पाण्याची. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात कित्येक मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊनपुसून बाजारात येऊ शकतात. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते पाहावे, गालिचा उचलून वास घ्यावा, सीटखालच्या पट्ट्यांचा गंज तपासावा.

राहिली कागदपत्रे. चासी आणि इंजिन यांचे क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी अंकन् अंक जुळवावेत. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यातली किती उरली ते पाहावे. कर्ज फिटले असले तरी पुस्तिकेवर बँकेचा बोजा राहिलेला असू शकतो. तो उतरवायला नमुना ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला लागतो. थकलेली चलने तपासावीत. छत्तीसगडची सीमा इथून दूर नाही. तिकडची गाडी स्वस्त वाटली तरी तिला नमुना २८ चा दाखला आणि आपल्या राज्याचा कर लागतो. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा. आणि विकणाऱ्याने नमुना २९ व ३० वर सही करून निश्चिंत होऊ नये, नाव खरोखर बदलले का ते पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात निर्वाळा दिला आहे : गाडी कितीही हातांत फिरो, नोंदीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार.

एवढी सारी चिकित्सा आम्ही समोरच्या मोटारीची केली. डाव्या दरवाजाची काच निराळ्या सालाची निघाली; दगड लागला होता, असे त्या तरुण मालकाने सांगितले. वेल्डिंगचे ठिपके शाबूत होते, तेव्हा आम्ही ते मान्य केले आणि किंमत थोडी उतरवून घेतली.

मग त्याची पाळी आली. त्याने ना धूर पाहिला, ना टायर. आम्ही नीट लावून आणलेली फाईलही चाळली नाही. एवढेच विचारले, “सर, तुमच्या गाडीले कधी काही झालं होतं का?”

चार वर्षांपूर्वी ती रस्त्यात तापली होती. हेड उतरवून गॅस्केट बदलावे लागले होते. ते बिल आम्ही आदल्या रात्रीच फायलीतून काढून टेबलाच्या खणात ठेवले होते. पोथीतले नकोसे पान काढणाऱ्या नकलाकाराला आम्ही वर्गात काय म्हणतो, ते इथे सांगवत नाही.

क्षणभर “काही नाही” हे शब्द ओठांवर आले. वरच्या रकमेचे गणित अगोदरच तंग बसले होते. मग आम्ही सारे सांगितले. त्याने आठ हजार कमी केले. आम्हांला ते जड गेले.

सह्या झाल्यावर तो म्हणाला, “मिस्त्रीनं मले कालच सांगतलं होतं, सर.” दोघांचाही मिस्त्री तोच, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

बैलाचे दात त्याने आदल्या दिवशीच मोजले होते. आज तो पाहत होता ते तोंड आमचे होते.