मुदत

वकिलीचा व्यवसाय मुळातच लोकांच्या फारशा आदरास पात्र नाही. त्यातही जो वकील कंपन्यांची बाजू मांडतो, त्याच्याविषयीचे लोकांचे मत तो तोंड उघडण्यापूर्वीच ठरलेले असते. सदोष वस्तूमुळे कोणास इजा झाली, यंत्रात कोणाचा हात सापडला, मोटारीखाली कोणी आले, आणि त्याने किंवा त्याच्या वारसांनी नुकसानभरपाईचा दावा लावला, की दुसऱ्या बाजूस एखादा कारखानदार किंवा विमा कंपनी उभी असते, आणि तिच्या वतीने बोलणारा माझ्यासारखा कोणी असतो. एकीकडे पट्टी बांधलेला हात आणि दुसरीकडे काळा कोट, असे हे चित्र आहे. पाहणाऱ्याचे मन कोणीकडे झुकेल हे सांगावयास नको. आणि ते तसे झुकू नये असे माझेही म्हणणे नाही.

येथे इंदुरात, नात्यातल्या एका मुंजीच्या पंगतीत, माझ्या मावशीने मला विचारले होते, "अरे, ज्या बाईचा हात भाजला तिच्यापुढे उभा राहून तू तिला विचारतोस तरी काय?" प्रश्नात टोमणा नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. पंगतीत असल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. तोवर वाढपी पुढ्यात येतो, आग्रह सुरू होतो आणि विषय निसटतो. परंतु प्रश्न रास्त आहे, आणि आमच्या धंद्यातील माणसाने त्याचे उत्तर कधीतरी नीट द्यावयास हवे.

आम्ही विचारतो ते थोडक्यात असे. वस्तूत दोष होता काय? असल्यास इजा त्या दोषामुळेच झाली काय? दोष कोणाच्या हातून उत्पन्न झाला? आणि झालेल्या हानीची भरपाई किती? हे चार प्रश्न म्हणजे वकिली कावा नव्हे. जबाबदारी नावाची जी काही वस्तू कायद्यात आहे ती ह्या चार पायांवर उभी असते. हे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत तर भरपाईला एकतर दानाचे रूप येईल किंवा सुडाचे. आणि दान व सूड ह्या दोहोंनाही न्यायालयाची गरज लागत नाही.

कायद्याचा विद्यार्थी ह्या विषयातली जी कथा प्रथम शिकतो ती स्कॉटलंडमधील पेझली गावची आहे. २६ ऑगस्ट १९२८ रोजी मे डोनह्यू नावाची एक स्त्री मैत्रिणीबरोबर तेथील वेलमेडो कॅफेत गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बिअरची बाटली मागविली. बाटली गडद काचेची होती, आतले दिसण्यासारखे नव्हते. अर्धे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना बाटलीतून सडलेली गोगलगाय बाहेर पडली, आणि त्यामुळे आपण आजारी पडलो, असे त्या स्त्रीचे म्हणणे होते. तिने स्वतः काहीच विकत घेतलेले नव्हते. पेय बनविणाऱ्या स्टीव्हन्सनशी तिचा कोणताही करार नव्हता. तोपर्यंतच्या समजुतीप्रमाणे तिचा दावा उंबरठ्यावरच अडला असता. पण २६ मे १९३२ रोजी लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निर्णय दिला की, वस्तू बनविणारा हा ती वापरणाऱ्या शेवटच्या माणसास बांधलेला आहे. लॉर्ड ॲटकिन ह्यांनी शेजाऱ्याची कल्पना मांडली ती ह्याच निकालात: ज्याच्यावर माझ्या कृत्याचा इतका निकट परिणाम होणार आहे की कृत्य करतानाच मी त्याचा विचार करावयास हवा, तो माझा शेजारी.

ह्या कथेचा उत्तरार्ध विद्यार्थ्यांना फारसा सांगितला जात नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला तो दाव्यातील हकीकत खरी आहे असे धरून चालून. बाटलीत गोगलगाय खरोखरच होती की नाही हा प्रश्न पुराव्याच्या पायरीवर कधी आलाच नाही. निकालाच्याच वर्षी स्टीव्हन्सन वारला आणि पुढे प्रकरण आपसात मिटले. २०० पौंडांवर मिटले असे सांगतात. म्हणजे जगातील एका मोठ्या कायद्याची इमारत सिद्ध न झालेल्या गोगलगाईवर उभी आहे. मला ह्यात कायद्याची थट्टा दिसत नाही. तत्त्व ठरविणे हे एक काम आहे आणि गोगलगाय सिद्ध करणे हे दुसरे. पहिल्याने पीडिताला दार उघडून मिळते. दुसऱ्यामुळे त्या दारातून कोणीही कसेही शिरत नाही. माझे काम ह्या दुसऱ्या ठिकाणी आहे.

आपल्याकडे ह्या तत्त्वाला सविस्तर कायद्याचे रूप मिळावयास बराच काळ जावा लागला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो जुलै २०२० मध्ये अमलात आला, उत्पादनाच्या जबाबदारीविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. उत्पादनात दोष असणे, आराखडाच सदोष असणे, इतकेच नव्हे तर वापराविषयी पुरेशा सूचना किंवा इशारा नसणे, ह्या सर्वांसाठी कारखानदार जबाबदार धरला जातो. उलट वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध अशी कारवाई चालत नाही, आणि कारखानदार स्वतःच विक्रेता असेल तर तोही ह्या अपवादाचा आसरा घेतो.

मावशीने ज्या बाईंविषयी विचारले त्यांचे प्रकरण नेमके ह्या सीमारेषेवरचे होते. प्रेशर कुकरचे झाकण उडून त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. माझ्या अशिलाचे म्हणणे असे की, कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मूळचा नव्हताच. झाकण तपासून घेतले तेव्हा ते म्हणणे खरे ठरले. बाईंनीही ते लपविले नाही. मूळचा व्हॉल्व्ह गेला, दुकानात तसा मिळेना, तेव्हा ठेल्यावरच्या दुरुस्तीवाल्याने दुसरा बसवून दिला, असे त्यांनी सरळ सांगितले. बचाव बिनतोड होता. पण कुकरबरोबर आलेले माहितीपत्रक मी उघडले तेव्हा आढळले की दुसऱ्या बनावटीचा व्हॉल्व्ह बसवू नये हा इशारा त्यात आहे, परंतु शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात आणि केवळ इंग्रजीत. बाई मराठी व हिंदी उत्तम वाचतात. इंग्रजी वाचीत नाहीत. जो इशारा वाचताच येत नाही तो पुरेसा इशारा आहे काय? मी अशिलास लिहून कळविले की, व्हॉल्व्हच्या मुद्द्यावर तुमची बाजू बळकट आहे, इशाऱ्याच्या मुद्द्यावर दुबळी आहे; इस्पितळाचा खर्च व वाजवी रक्कम देऊन प्रकरण मिटवा आणि पत्रक लोकांच्या भाषेत छापा. त्यांनी दोन्ही मानले. चौथा महिना उजाडण्यापूर्वी प्रकरण संपले. दोन भाषांच्या ह्या नियतकालिकाच्या वाचकांस भाषेचे महत्त्व मी सांगावे असे नाही. पण भाषेवाचून हातही भाजतो, हे मी त्या प्रकरणात पाहिले.

चौथा प्रश्न, म्हणजे भरपाई किती हा, सर्वांत निष्ठुर वाटतो. मोटार अपघाताच्या दाव्यांत २००९ च्या सरला वर्मा प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयाने जी पद्धत घालून दिली आणि २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणात जिला पूर्णता दिली, तिच्याप्रमाणे हिशेब असा होतो. समजा, महिना २०,००० रुपये मिळविणारा, स्वतःचा धंदा करणारा ३४ वर्षांचा गृहस्थ गेला. मागे चार आश्रित आहेत. वर्षाचे २,४०,०००, त्यात भावी उत्पन्नवाढीचे ४० टक्के मिळवून ३,३६,०००, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा जाता २,५२,०००, आणि वयाप्रमाणे त्यास १६ ने गुणून ४०,३२,००० रुपये. वर ठरलेल्या काही किरकोळ रकमा. एका माणसाचा गुणाकार होतो हे ऐकून कोणाच्याही अंगावर काटा येईल. पण हे कोष्टक नव्हते तेव्हा एकाच वयाच्या व एकाच मिळकतीच्या दोन माणसांच्या विधवांना दोन न्यायालयांतून अगदी भिन्न रकमा मिळत. कोष्टक निष्ठुर असेल, लहरी नाही.

शिवाय आकड्यावर वाद घालता येतो, आणि वादातून तो सुधारतो. मार्च १९८९ मध्ये जमशेदपूर येथे पोलाद कंपनीच्या समारंभात लागलेल्या आगीत अनेक स्त्रिया व मुले मृत्यू पावली. भरपाई ठरविण्याचे काम माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्याकडे सोपविले गेले. गृहिणीच्या घरकामाचे मोल कोठे वर्षाला १२,००० तर कोठे १०,००० रुपये धरले गेले होते. २००१ साली लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते फारच अल्प ठरवून ३४ ते ५९ वर्षे वयाच्या गृहिणींसाठी महिना ३,००० रुपये केले. तेही थोडेच होते, हे कोणतीही गृहिणी सांगेल. पण आकडा मांडला होता म्हणून तो चुकीचा आहे हे दाखविता आले.

हे चारही प्रश्न मी कोणासमोरही निःसंकोचपणे विचारीन. परंतु आमच्या धंद्यात एक पाचवा बचाव आहे, तो कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाही आणि तो सर्वांत अधिक वापरला जातो. तो म्हणजे मुदत. कैफियत तयार नाही म्हणून मुदत, साक्षीदार आजारी म्हणून मुदत, तज्ज्ञाचा अहवाल आला नाही म्हणून मुदत. आमच्या माळव्यात तारखेला पेशी म्हणतात, आणि पेशीवर पेशी ह्या शब्दांचा अर्थ येथल्या लहान मुलालाही कळतो. इतर चार बचाव काहीतरी म्हणतात, आणि जे म्हटले जाते ते खोटे ठरू शकते. मुदत काहीच म्हणत नाही, म्हणून तिला खोडून काढता येत नाही. मधल्या काळात झाकणाला गंज चढतो, साक्षीदार गाव सोडतो, स्मृती पुसट होते, आणि कधी कधी दावा लावणारा माणूसच राहत नाही.

हा बचाव किती लांबू शकतो हे पाहावयास आम्हांस दूर जावे लागत नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळात विषारी वायू सुटला. भारत सरकार अमेरिकेच्या न्यायालयात गेले; तेथे कंपनीने सांगितले की, ह्या दाव्यास भारतातील न्यायालयेच योग्य आहेत, आणि मे १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी ते मानले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, धोकादायक उद्योग चालविणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे; त्याला कोणतीही सबब नाही. डिसेंबर १९८७ मध्ये भोपाळच्या जिल्हा न्यायालयाने ३५० कोटी रुपये अंतरिम भरपाई देण्याचा हुकूम केला. ज्या न्यायालयांना न्यूयॉर्कमध्ये योग्य म्हटले होते त्यांचा हा पहिला मोठा हुकूम होताच कंपनी त्याविरुद्ध वरच्या न्यायालयात गेली. एप्रिल १९८८ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने रक्कम २५० कोटींवर आणली, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर समेट झाला. वाढीव भरपाईसाठी सरकारने केलेला अखेरचा अर्ज मार्च २०२३ मध्ये नामंजूर झाला. त्या कारखान्याच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये आमच्या इंदूरजवळच्या पीथमपुरात आणला गेला आणि जून २०२५ अखेर जाळून संपविला. १९८४ साली जन्मलेले मूल तेव्हा चाळिशीत पोहोचले होते.

मी गुणदोषांविषयी येथे बोलत नाही. कंपनीच्या वकिलांनी प्रत्येक पायरीवर जो मुद्दा मांडला तो कायद्याने मांडता येण्यासारखाच होता. पण त्या मुद्द्यांची बेरीज वर्षांत होते, आणि ती वर्षे ज्यांच्या आयुष्यातून वजा झाली त्यांना त्यांचा मोबदला कोणत्याच कोष्टकात मिळत नाही.

कायद्यालाही हे कळते. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात १९५९ साली घातलेल्या कलमाने, महिन्याभरात रक्कम न देणाऱ्या मालकावर व्याज व दंड बसविण्याची सोय केली होती. पुढे ते व्याज १२ टक्के झाले; दंड रकमेच्या निम्म्यापर्यंत असे. ग्राहक कायद्यात उत्तर देण्यास ३० दिवस व फार तर आणखी १५ दिवस आहेत, आणि त्यापुढे एक दिवसही मिळणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये बजावले. तपासणीची गरज नसेल तर तक्रार तीन महिन्यांत व असेल तर पाच महिन्यांत निकालात निघावी, असेही कायदा म्हणतो. पण अखेर मुदत मागणारा वकील असतो, आणि ती मागावयाची की नाही हे पुष्कळदा त्याच्याच हाती असते.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या वतीने मी असेच एक प्रकरण चालवीत होतो. छापयंत्रात तरुण कामगाराची तीन बोटे गेली होती. यंत्राला संरक्षक जाळी नव्हती. त्याविषयी वाद नव्हता. मला सांगण्यात आले की, माणूस परगावचा आहे, दोन वर्षे पेशीला येईल, मग कंटाळेल; तोवर चालवा. १२ टक्के व्याजही कित्येकांना स्वस्त वाटते, कारण पुष्कळ माणसे मध्येच थकतात. मी कळविले की, जाळीचा प्रश्न असेल तर मी लढेन, रकमेचा असेल तर लढेन. थकविण्याची फी मी घेत नाही. आठवड्याभरात त्या कारखान्याने आपली नऊही प्रकरणे माझ्याकडून काढून घेतली. घरखर्चात ती उणीव वर्षभर जाणवली. ह्यात थोरवी सांगण्यासारखे काही नाही. ज्याच्या वतीने मी बोलतो त्याच्यासाठी मी बोलले पाहिजे; गप्प राहून काळ काढणे हे बोलणे नव्हे, एवढाच माझा मुद्दा आहे.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक अशिलास आता मी पहिल्याच भेटीत सांगतो की, तुमची बाजू खरी असेल तर ती लवकर सिद्ध होऊ द्या. खोटी असेल तर ती लवकर संपू द्या. प्रयोगशाळेचा अहवाल यावयाचा असेल तर तेवढी मुदत मी मागतो, कारण ती सत्यासाठी लागते. त्यापलीकडची मागत नाही. काही जण उठून जातात. जे राहतात त्यांची कामे बरी चालतात.

उद्याच्या बोर्डावर माझी सात प्रकरणे आहेत. त्यांतील दोन आठ वर्षांहून जुनी असून ती तशीच माझ्याकडे आली. निकाल कोणाच्याही बाजूने लागो. पण तो लागो.